किरकोळ गंज

८ जून, दुपार
अकराला उठलो. रिटायरमेंटनंतर शरीराला विश्रांती लागते, याला आळस म्हणत नाहीत. नंतर गाडी पुसली. डाव्या मडगार्डवर नखाएवढा तपकिरी डाग दिसला. खरवडला. आता रुपयाएवढा झालाय. खरवडायला नको होतं.
गंज म्हणावा असा नाही. किरकोळ. सत्तावीस वर्षांच्या गाडीला एवढं चालायचंच.
संहिताचं लग्न पक्कं. २९ नोव्हेंबर. कार्यालय इथंच, सुदामा नगरात. मुलगा शंतनु, राऊचा. म्हणजे पाठवणी सुदामा नगर ते राऊ, आणि गाडी मी चालवणार. मुलगी सासरी जाईल तर या गाडीतून. हे तिनंच सांगितलेलं आहे. तेव्हा चौथीत होती, पण शब्द तो शब्द.
संकल्प: नोव्हेंबरपर्यंत गाडी नव्यासारखी करायची. घाई नाही. वेळच वेळ आहे.

९ जून
मधुवंतीला संकल्प सांगितला. एकतीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्या कुठल्याच संकल्पाला विरोध केलेला नाही. ऐकून घेते आणि भाजी निवडते. आज एवढंच म्हणाली, की माझ्या पायाखालचं आधी बघा. ती बसते त्या सीटपुढे जमीन जरा ओलसर असते म्हणे. बघतो म्हटलं.

१५ जून
राऊ रोडवर जयेश डेंटरकडे गेलो. त्यानं गाडीखाली वाकून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं दोन ठिकाणी ठोकलं. आवाज मडक्यासारखा आला. म्हणाला, "अंकल, फ्लोर तो गया। काट के नई चद्दर लगेगी। पंद्रा दिन गाड़ी छोड़ दो।" कापण्याशिवाय काही उपाय आहे का विचारलं. तो म्हणाला, फिर रेनदो.
उद्धट आहे. ऑफिसात चौतीस वर्षं काढली. माणूस काम वाढवून सांगतोय, हे मला लगेच कळतं. गाडीची कापाकापी मी होऊ देणार नाही. केस ऑब्झर्वेशनखाली ठेवली आहे.

२२ जून
मधुवंतीच्या पायाखाली रबरी मॅट टाकली. मॅटखाली कॉलनीच्या गणपतीचा जुना फ्लेक्स घडी करून. भक्कम झालं. प्रश्न मिटला.

६ जुलै
मिटला नाही. भाजी आणायला निघालो तर रस्त्यातलं पाणी आत उडालं. मधुवंती मांडी घालून बसली. तिला मांडी घालून बसायची सवय आहे, त्यामुळे गैरसोय अशी काही नाही.
बॉनेटच्या कडेला चार डाग. छतावर मधोमध एक, तळहाताएवढा. छताचं कारण कळत नाही. मला फार थकायला होतं.
तिनं जयेशचं नाव काढलं. मी म्हटलं, ऑब्झर्वेशन चालू आहे.

१३ जुलै
चांगला दिवस. गेटपाशी डोक्याला हात लावून उभा होतो (विचार करताना सवय आहे), तेवढ्यात शेजारचे मनीष भिया आले. नमकीनचं दुकान आहे त्यांचं. काय झालं विचारलं. मी मोकळेपणानं सांगून टाकलं, "क्या बताएँ भिया, गंज बढ़ता ही जा रहा है। अब तो छुपाए नहीं छुपता।"
त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अपन तो कब से देख रिये थे नानाजी, पर ऐसी बात बोलें कैसे।" इतका विचार करणारा शेजारी मिळायला नशीब लागतं. बेटम्याला एक वैद्यजी आहेत म्हणे, गंजावर पक्कं औषध देतात. भियांच्या साढूचं पुढचं सगळं गेलं होतं, आता बघाल तर ओळखू येणार नाही. मॉडेल कोणतं, असं मी विचारलं नाही, नुसतं "कितना पुराना है" विचारलं. म्हणाले, अड़तालीस का.
अठ्ठेचाळीसचं! त्यापुढे आमची अठ्ठ्याण्णवची म्हणजे लेकरू. पुढच्या रविवारी बेटमा.

२० जुलै
बेटम्याला जाऊन आलो. वैद्यजी म्हणजे जातिवंत माणूस. गाडी समोरच लावली होती, बघून घ्या म्हटलं तर म्हणाले, "ज़रूरत नहीं, सामने दिख रहा है।" गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सारखे माझ्याकडेच बघत होते. आधी मालकाची पारख करत असावेत.
प्रश्न मात्र मुद्देसूद. कधीपासून? पाच-सहा वर्षं असेल. पुढून सुरू झालं की मधून? पुढून, मग वर पसरलं. उन्हात फिरता? दिवसभर ऊनच ऊन. पिताजी को भी था? मी म्हटलं, "पिताजी का तो बहुत बुरा हाल था। आख़िर में कबाड़ी को देना पड़ा।" यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. वडिलांची फिएट गेली तेव्हा त्यांनीही असेच मिटले होते. तळातून आरपार दिसतं हेही सांगितलं, तर म्हणाले, नीचे का हम नहीं देखते. स्पेशलिस्ट आहेत.
औषध: तेल. काळसर, वास उग्र. सूर्योदयापूर्वी लावायचं, बोटांच्या टोकांनी, गोल गोल, जोर न देता. तासाभरानं आवळा-शिकेकाईच्या पाण्यानं धुवायचं. वर कापड बांधून ठेवायचं. चिंता करायची नाही. आणि नमक कम! लोखंडाचा शत्रू मीठ, हे खेड्यातल्या माणसाला माहीत आहे आणि राऊ रोडच्या डेंटरला माहीत नाही. गाडीत बसून शेव खाणं आजपासून बंद.

२१ जुलै, सकाळी पाच
उठलो. स्वतःलाच खरं वाटत नाही. बॉनेट आणि दोन्ही मडगार्डं झाली. छताला हात पुरत नाही, स्टूल लागलं. दूधवाला थांबून बघत होता. त्याला म्हटलं, ट्रीटमेंट चालू आहे.
नंतर आरशासमोर केस बसवायला नेहमीपेक्षा वेळ लागला. बोटं तेलकट होती म्हणून. आमच्या घराण्यात कपाळ पहिल्यापासूनच रुंद.

२७ जुलै
सलग सात दिवस. खंड नाही. तेल तीन बाटल्या. वैद्यजी म्हणाले होते एक बाटली दोन महिने जाते. त्यांच्याकडे छोट्या गाड्या येत असाव्यात.
आज लावत असताना मधुवंती बाहेर आली. बाटलीचं बूच काढून वास घेतला. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. आत गेली आणि आपल्या जुन्या सुती साडीचं मऊ फडकं आणून दिलं. जाताना म्हणाली, चहा ठेवते. या बाईला माझ्या कामाची किंमत कळायला एकतीस वर्षं लागली, पण कळली.

३ ऑगस्ट
धूळ बसते. बसली की उठत नाही. मुंग्याही येतात, पण त्या गंजाच्या जागी येत नाहीत, बाकी सगळीकडे येतात. म्हणजे औषध नेमकं तिथंच काम करत असणार.
पाठ धरली आहे. तरी पाचाला उठतो.

१७ ऑगस्ट
बेटमा, दुसरी खेप. वैद्यजींनी विचारलं, काही फरक? खरं सांगायला हवं होतं, सांगितलं. "तीन जगह नए आए हैं।" त्यांना एवढा आनंद झाला की उठून उभे राहिले. "नए आए? बधाई हो! किधर?" दोन बाजूला, एक मागे. रंग कैसा? भूरा. म्हणाले, पहिले भूरेच येतात, पुढे काळे पडतील, घबराना नहीं.
मला जरा गोंधळल्यासारखं झालं. पण परतताना लक्षात आलं, आतला रोग बाहेर पडतोय. गोवरात नाही का अंगावर फुटून यावा लागत.
आणि घरी येऊन बघतो तो काय, बॉनेटवरचे डाग खरंच काळे पडलेत. अक्षरशः सांगितल्याप्रमाणे.

७ सप्टेंबर
संहिता पुण्याहून दोन दिवस आली होती. गाडीत बसल्या बसल्या खिडकी उघडली. वास कसला विचारलं. औषधाचा म्हटलं. तिनं मांडी घालायला पाय वर घेतले. आईवर गेली आहे.
पाठवणीचं पुन्हा काढलं. ती म्हणाली, "बाबा, शंतनुची गाडी आहे ना, तुम्ही कशाला दमताय." माझी एवढी काळजी करते पोर. मग उलट निश्चय पक्का झाला.
ती गेल्यावर घर फार मोठं वाटलं. नोव्हेंबरनंतर असंच वाटेल का, हा विचार आला. तो बाजूला ठेवला. चिंता करायची नाही, पथ्य आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा. झेंडूच्या माळा बांधायला दोरा लागला नाही. फुलं टेकवली की चिकटतात. लग्नात सजावटीचा मोठाच प्रश्न सुटला. कुंकवाचं स्वस्तिक तेवढं ओघळून बंपरपर्यंत गेलं. मनीष भियांनी पूजेच्या पेढ्याचा तुकडा तोंडात टाकत विचारलं, "तेल लगा रिये हो ना रोज?" मी छाती फुगवून हो म्हटलं. त्यांनी माझ्या टोपीकडे बघितलं. म्हणाले, "टैम लगता है।"

१९ ऑक्टोबर
उजवा दरवाजा लावताना खालची पट्टी हातात आली. पट्टी तशी शोभेचीच होती. डिकीत ठेवली आहे. डिकीत आता बऱ्याच गोष्टी झाल्यात.
मधुवंती म्हणाली, अजून वेळ आहे, जयेशला दाखवू या. मी म्हटलं, दोन औषधं एका वेळी चालत नाहीत. ती पुढे काही बोलणार होती, मग भाजी निवडायला गेली.

९ नोव्हेंबर
शालूला फॉल लावायला टाकला होता, तो आणायला दोघं निघालो. आज गाडी झकास पळत होती. फूटी कोठीच्या चौराह्यावर मधुवंतीनं पाय खाली सोडले. बिचारीचे गुडघे दुखले असतील. पुढे सिग्नलला एक स्कूटरवाला येऊन खिडकीशी थांबला. हातात एक चप्पल. "आंटी, आपकी है क्या? गाड़ी में से टपकी।"
तिचीच होती. मॅट, फ्लेक्स, सगळं फाडून खाली गेली. भोकातून रस्ता दिसत होता. झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा स्वच्छ दिसला.
तिनं चप्पल घेतली, त्याला थँक्यू म्हणाली. शालू आणला. परतीला ती रिक्षानं आली. मी गाडीनं. गाडीत एकटा असताना वजन कमी असल्यामुळे काही त्रास जाणवला नाही.

१० नोव्हेंबर
जयेशकडे गेलो. जावं लागलं. त्यानं बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि हात फडक्याला पुसत राहिला. कायको तेल पिलाया, असं विचारलं. ट्रीटमेंट होती म्हटलं. तो म्हणाला, "इस पे पुट्टी पकड़ेगी न पेंट। और वेल्डिंग मारी तो आग पकड़ लेगी। जून में छोड़ जाते ना अंकल।" वर त्याला स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नाला उज्जैनला जायचं होतं. म्हणाला, लग्नसराईनंतर बघू.
मी जास्त पैसे देतो म्हटलं. हात जोडायचे बाकी होते. खरं तर जोडले.
येताना राऊचा रस्ता बघून ठेवला. वळणं कमी आहेत.

११ नोव्हेंबर
आज उठलो नाही. मधुवंती पाचाला चहा घेऊन आली. मी म्हटलं, आता काय उपयोग. ती म्हणाली, पुसून तरी घ्या. उठलो.

२३ नोव्हेंबर
तोडगा निघाला. माळ्यावर संहिताचा कॅरम बोर्ड होता. सीटपुढे तो आडवा टाकला, जणू मापानं बनवला असावा तसा बसला. उड्या मारून बघितलं. एकदाच मारली.
गाडी फर्स्ट क्लास. २९ला काही अडचण नाही.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ
लग्न लागलं. सगळं छान झालं.

३० नोव्हेंबर
काल लिहवलं नाही. आज लिहितो.
गाडी कार्यालयाच्या दारात उभी केली होती, झेंडूनं मढवून. शंतनुचे काका येऊन बघून गेले आणि हळूच मधुवंतीशी बोलले. त्यांच्या मागे शंतनुची गाडी होती, पांढरी. मला सगळं समजत होतं. मी फेटा सारखा करत उभा राहिलो. मनीष भियांना तेवढ्यात थट्टा सुचली, म्हणे, "फेटा उतारो नानाजी, ज़रा रिजल्ट तो देखें।"
मग संहिता आली आणि सरळ माझ्या गाडीचं पुढचं दार उघडलं. शंतनुला म्हणाली, तू कोपऱ्यावर थांब, मी बाबांबरोबर तिथपर्यंत येते.
आत बसल्यावर तिनं खाली बघितलं. "बाबा, माझा कॅरम?" मी म्हटलं, पाय खाली सोडू नको. तिनं शालू गोळा करून सीटवर मांडी घातली. आई बसते तशी. कार्यालयापासून कोपऱ्यापर्यंत मी पहिल्या गिअरमध्ये नेली. तेवढ्यात ती हसली आणि मग रडायला लागली. मला पुष्कळ बोलायचं होतं. क्लच जड झालाय, एवढंच बोललो.
कोपऱ्यावर ती उतरली. शालूच्या पदराला दाराचं तेल लागलं, हातभर डाग. तशीच राऊला गेली.

७ डिसेंबर
आज भंगारवाला गाडी घेऊन गेला. तीन जणांनी ढकलून टेम्पोवर चढवली. कॅरम बोर्ड काढून घेतला. झेंडू वाळले होते, पण एकही फूल पडलं नाही.
मनीष भिया शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "जंग खा गया आपकी गाड़ी को। इसका भी टैम पे इलाज कर लेते, जैसे गंज का किया।" मग माझ्या डोक्याकडे बघून खाली मानेनं म्हणाले, "वैसे उसमें भी कोई ख़ास फरक नी पड़ा।"
मी म्हटलं, दोन्ही एकच ना. ते म्हणाले, "नी भिया। गाड़ी में तो जंग लगता है। गंज तो..." आणि त्यांनी हात डोक्यावर ठेवला. सभ्य माणूस, स्वतःच्या डोक्यावर ठेवला.
एकसष्ट वर्षं या शहरात काढली. अर्जांमध्ये "मराठी व हिंदी दोन्ही उत्तम" असं लिहीत आलो. साढू अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. पुढून सुरू झालं, मग वर पसरलं. पिताजी को कबाड़ी को देना पड़ा. त्या वैद्यांना काय वाटलं असेल.
आत जाऊन मधुवंतीला सांगितलं. ती आहेराच्या साड्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आमच्या दादांच्या डोक्याला हेच तेल असायचं." मग बोलली का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुम्ही अकरापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. तेल आलं आणि पाचाला उठायला लागलात. म्हटलं, लावू देत." मग एका साडीची घडी घालत म्हणाली, "चप्पल पडली तेव्हा वाटलं, चुकलंच माझं."
तिचं नाही चुकलं. जूनमध्ये पंधरा दिवस गाडी सोडली असती तर राऊपर्यंत गेलो असतो. पंचवीस मिनिटं मिळाली असती. काही तरी बोललो असतो. हे एकदा लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही.
संहिताचा फोन आला होता. शालूचा डाग निघत नाही, राहू देते म्हणाली.
शेवटच्या बाटलीत चार बोटं तेल उरलंय. टाकून कशाला द्यायचं. उद्या पाचाला उठायचं. स्टूल लागणार नाही.